निघाल्याशिवाय पोचायचं नाही

दादाच्या डोळ्याचा पडदा सरकला तेव्हा तो बस डेपोतल्या आपल्या खिडकीत बसून एका ड्रायव्हरला झापत होता. झापता झापता ड्रायव्हरचं अर्धं तोंड दिसेनासं झालं. आधी दादाला वाटलं, बरं झालं, निम्मा त्रास गेला. मग उरलेलं अर्धंही काळवंडायला लागलं तेव्हा कुठे स्वारी डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. ऑपरेशन झालं. डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आता काही दिवस मान वर करायची नाही. बसायचं तर खाली बघून, निजायचं तर पालथं. तो बुडबुडा वर चढून पडद्याला जागेवर दाबून धरतो म्हणे. मला ते तेव्हाही कळलं नव्हतं आणि आताही कळलेलं नाही, पण डॉक्टरांपुढे मान डोलवायची मला सवय आहे.

मी त्याची धाकटी बहीण. माझं कपडे आल्टर करायचं दुकान आहे. पँट आखूड कर, बाही सैल कर, चेन बदल, असली कामं. दादाला बायको ना पोर. का नाही म्हणून विचारलं की म्हणतो, "सगळ्यांच्या गाड्या सोडता सोडता माझी सुटली." असल्या माणसाची उस्तवार करायला बहिणीशिवाय कोण येणार? दुकान अर्धवेळ केलं, घर आमच्या ह्यांच्यावर सोपवलं, म्हणजे वाऱ्यावरच सोडलं, आणि दादाच्या दोन खोल्यांत मुक्काम ठोकला.

पलंगाच्या कडेला मध्ये भोक असलेली उशी लावून दादा पालथा पडलेला असायचा. तोंड त्या भोकात, त्यामुळे त्याचं सगळं बोलणं फरशीशी. पहिल्याच दुपारी फरशीकडून आवाज आला, "कॉम्प्युटर लाव. सुभेदाराने काय केलंय ते वाच."

"कोण सुभेदार?"

"लाव तर खरं. पाकोळीच्या मागे हात धुऊन लागलाय तो. तिची चाळीसातली एकोणतीस जहाजं गेली."

मला वाटलं, भूल अजून उतरली नाही. मानेला हात लावून बघितला तर ताप नव्हता.

कॉम्प्युटर लावला. उघडलेल्या पानावर मजकूरच मजकूर. डझनभर माणसं आळीपाळीने लिहीत होती. कोण कुठली, बाई की बुवा, ते दादालाही ठाऊक नव्हतं. सगळ्यांची टोपणनावं, सुभेदार आणि पाकोळी ही त्यातलीच. हे लोक अवकाशात लढाई खेळतात. चित्रं नाहीत, आवाज नाही, बटण दाबलं की गोळी सुटते असंही काही नाही. नुसतं लिहायचं. एक जण लिहिणार, माझ्या जहाजांनी डावीकडून हल्ला केला. दुसरा लिहिणार, आम्ही वळलो पण आमची दोन जळाली. आणि कुणाचं लिहिणं ग्राह्य, कुणाचं नाही, हे ठरवणार आमचा दादा. तो पंच. इतकी वर्षं हा माणूस संध्याकाळी खोलीत बसून काय करतो असं आम्ही विचारायचो, तर हे करत होता.

"ही जहाजं आहेत कुठे?" मी विचारलं.

"लिहिलेली आहेत."

"म्हणजे नाहीत."

"आहेत. लिहिलेली आहेत."

"अरे, पण नसलेली जहाजं मरतात कशी?"

"लिहून."

मी कपाळावर हात मारला. त्याला ते दिसलं नाही, म्हणून ऐकू जाईल असा पुन्हा मारला.

भिंत तर बघायलाच नको. जुन्या वेळापत्रकांचे कागद उलटे चिकटवून त्यावर मोठा नकाशा काढलेला. ठिपके म्हणजे तारे. प्रत्येक ताऱ्यावर खिळा. मध्ये पेन्सिलीने खरडून काढलेला एक काळा ढग, त्यातून म्हणे जहाज जात नाही, वळसाच घालावा लागतो. एका खिळ्याला सुतळी लटकत होती आणि तिला ओळीने गाठी. नकाशाच्या वर, डेपोतले फलक रंगवतो त्या ठळक अक्षरात दादाने लिहिलं होतं: निघाल्याशिवाय पोचायचं नाही.

"ही काय लिहून ठेवायची गोष्ट आहे?" मी म्हटलं. "निघाल्याशिवाय कोण पोचतं?"

"सगळे," दादा फरशीला म्हणाला.

मग त्याने सांगितलं. लढाईत हरायची वेळ आली की प्रत्येकाला मदत हवी असते. मागे हे लोक खेळायचे तेव्हा त्याला काही धरबंध नव्हता. एकजण लिहायचा, तेवढ्यात माझी शंभर जहाजं मदतीला आली. दुसरा चिडून लिहायचा, माझी हजार आली. तिसऱ्याने एकदा दहा लाख आणली. ज्याच्या हाती कीबोर्ड तो पारधी. शेवटी भांडणं झाली, लोक एकमेकांना नको नको ते बोलले आणि सगळा मेळ मोडला.

तो काळ मला आठवतो. कारण ठाऊक नव्हतं, पण दादा ठाऊक होता. सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे जेवायला यायचा आणि ताटाकडे बघत बसायचा. आमचे हे डेपोची चौकशी करायचे, दादा म्हणायचा, "चाललंय." एवढंच. मला वाटलं, पैशाची भानगड असेल, नाहीतर एखादी बाई असेल. बाई असती तर मी पेढेच वाटले असते. आजारी नसलेला माणूस आजारी दिसायला लागला की त्याला काय द्यावं तेच सुचत नाही. फार भीती वाटली होती मला तेव्हा. पुढे हळूहळू तो सुधारला, आणि तेही का, ते मला कळलं नाही. आता कळलं. त्याने त्या पांगलेल्या माणसांना एकेक करून परत गोळा केलं होतं, आणि या वेळी सुतळी घेऊन बसला होता.

नियम असा. प्रत्येकाची जहाजं मोजकी आणि ती कुठल्या ताऱ्यापाशी उभी आहेत ते सगळ्यांना माहीत. मदत बोलवायची तर आधी लिहायचं, अमुक ठिकाणाहून निघाली. दादा सुतळी लावून गाठी मोजणार. दोन्ही बाजूंनी एकेकदा लिहिलं की एक पाळी झाली, आणि एक गाठ म्हणजे एक पाळी. सात गाठी भरल्या तर सातव्या पाळीला जहाजं पोचणार. तोवर तुम्ही कितीही छाती पिटा, ती वाटेत.

"हे तर तुझ्या डेपोसारखंच झालं," मी म्हटलं.

"मग? मला दुसरं काय येतं?"

डेपोत त्याच्या हाताखाली राखीव गाड्या असतात. कुठे गाडी बंद पडली की कुठली राखीव कुणाला द्यायची ते तो ठरवतो. मी एकदा त्याला डबा द्यायला गेले होते तेव्हा पाहिलंय. खिडकीला माणसांची झुंबड, एकजण टेबल बडवतोय, एकजण कुणाकुणाची ओळख सांगतोय. दादाने गाडी दिली ती कोपऱ्यात मुकाट उभ्या असलेल्या लोकांच्या मार्गाला, कारण ते सगळ्यांत आधीपासून थांबले होते. टेबल बडवणाऱ्याने त्याचा उद्धार केला. दादा मला म्हणाला, "ओरडणाऱ्याला गाडी दिली की उद्यापासून सगळे ओरडतात." आणि फोनवर ड्रायव्हर 'निघालोय' म्हणाला तरी गाडी फाटकाबाहेर पडल्याचं कळल्याशिवाय तो फलकावर लिहायचा नाही.

तर माझं काम ठरलं. मी वाचायचं, दादाने फरशीला निकाल सांगायचा, मी तो टाइप करायचा. दोन बोटांनी. पहिले काही दिवस मी वैतागून वाचत होते. मध्येच विचारायची, हा मेला तो आपला की त्यांचा? दादा म्हणायचा, आपलं कुणी नाही, आपण पंच. मग मी पुढे वाचायची आणि पुन्हा गोंधळायची. पण काय झालं कोण जाणे, दुकानात शिवण उसवताना माझ्या मनात येऊ लागलं, पाकोळीचं आता कसं होणार?

या पाकोळीने लिहिलं होतंच तसं. तिच्या ताफ्याची सेनापती एक म्हातारी होती, सगळे तिला नुसतं आजी म्हणत. तिच्या जहाजाचं नाव थोरली. हरलेल्या ताऱ्यावरची माणसं छोट्या होड्यांत बसून पळत होती आणि त्यांना वाट मिळावी म्हणून आजी थोरलीला घेऊन सुभेदाराच्या तोंडावर उभी राहिली होती. आजीचे गुडघे दुखायचे. ती उभ्या उभ्या हुकूम सोडायची, कारण एकदा बसली तर उठता येणार नाही. हे वाचलं आणि मला गलबलून आलं. मी दादाला म्हटलं, "ही बाई खरी आहे." दादा म्हणाला, "लिहिलेली आहे." पण या वेळी त्याचाही आवाज जरा जड होता.

त्या दुपारी दादा औषधाच्या गुंगीत होता. मी चहा घेऊन कॉम्प्युटरपुढे बसले. थोरलीसोबत फक्त तीन जहाजं उरली होती. पाकोळीची राखीव आधीच संपलेली. तिने शेवटी लिहिलं होतं, 'आजीने चहूकडे बघितलं. पंच, कुठून काही येण्यासारखं आहे का हो?'

मी दादाकडे बघितलं. तो घोरत होता. मी पुन्हा ती ओळ वाचली. आता मला सांगा, बुडणाऱ्याने विचारलं तर आपण काय सुतळी शोधत बसतो का? आणि जहाजं काय, लिहिलेलीच तर होती. लिहायला काय लागतं? मी दोन बोटांनी टाइप केलं, 'बारा जहाजं मदतीला पोचली.' बारा का, तर बटणं डझनाने घ्यायची सवय. पाठवून दिलं, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

चहा संपायच्या आत पान पेटलं. कुणी लिहिलं, काय? कुणी लिहिलं, पंच, शुद्धीवर आहात ना? कुणी लिहिलं, झालं, पुन्हा तेच सुरू. दोघे तर निघूनही गेले, त्यांच्या नावापुढे तसं आलं. आणि सुभेदाराने लिहिलं, 'कुठून निघाली?'

एवढंच.  थोड्या वेळाने त्याने आणखी लिहिलं, 'माझं सगळ्यांत मोठं जहाज वज्रमूठ गेलं तेव्हा माझी मदत दोन गाठींवर होती. मी पंचांपुढे शब्द काढला नव्हता. आज पंचांनीच हवेतून जहाजं काढली असतील तर मग मी कशासाठी गप्प बसलो?'

इतके दिवस मी सुभेदाराला राक्षस समजत होते. आता तोही खरा वाटायला लागला आणि माझी पंचाईत झाली. दोघेही खरे, आणि दोघांचं भलं एका वेळी होत नव्हतं. माझ्या डोक्याचा भुगा झाला. पण एक गोष्ट मला लख्ख कळली. ही माणसं पुन्हा पांगली तर दादा पुन्हा ताटाकडे बघत बसणार. आणि ते माझ्यामुळे.

मी त्याला उठवलं. घडलं ते सांगितलं. 

"पुसून टाकू का?" मी विचारलं.

"लिहिलेलं पुसायचं नाही. पुसायला लागलो तर काल कोण मेलं तेही उद्या पुसतील."

"मग सुभेदारालाही बारा देऊन टाक. फिट्टंफाट."

"म्हणजे हवेतली चोवीस झाली."

"अरे, मग करायचं काय? बोल ना!"

"तू दुकानात बाही लांब करतेस," दादा म्हणाला. "कापड कुठून आणतेस?"

"आत माया ठेवलेली असते. दुमडलेलं कापड. नसेल तर नाही होत बाही लांब, गिऱ्हाईक कितीही रडलं तरी."

"मग? बारा जहाजं कुठूनतरी काढायला हवीत. जिथे दुमडून ठेवलेली आहेत तिथून."

आणि तेव्हा मला कळलं की दादाचीही जहाजं होती. पंच होण्याआधी तो स्वतः खेळायचा. पंच झाला त्या दिवशी त्याने आपली सोळा जहाजं नकाशाच्या पार कोपऱ्यात, एका मिणमिणत्या ताऱ्यापाशी नेऊन उभी केली. कारण आणखी एक नियम होता, पंचाने खेळायचं नाही. तेव्हापासून ती तिथेच होती. कुणाच्या बाजूची नसलेली जहाजं तेवढीच.

"लिही," तो म्हणाला. "पोचली ही घोषणा चुकीची होती. फलकावर लागलं म्हणून गाडी आली असं होत नाही. चूक पंचाची. मिणमिणत्या ताऱ्यापासून माझी बारा जहाजं या पाळीला निघत आहेत. जहाजं माझी, म्हणजे मी आता एका बाजूचा झालो. म्हणून मी पंच राहिलो नाही."

माझी बोटं थांबली. "अरे, वेडा आहेस का? पंचपद सोडतोस? आणि चूक पंचाची कशी? माझी आहे. माझं नाव घाल."

"कीबोर्ड माझा. लिही."

"नाही लिहिणार."

"भिंगरे, लिही."

भिंगरी हे माझं लहानपणचं नाव. आई गेल्यापासून त्या नावाने मला कुणी हाक मारली नव्हती. मी मुकाट्याने लिहिलं, अगदी त्याने सांगितलं तसं. मग त्याने बारा जहाजांची नावं रांगेत सांगितली. बहुतेक डेपोतल्या जुन्या ड्रायव्हरांची टोपणनावं होती: ढोल्या, खोकलेकाका, झोपाळू. पण रांगेत सगळ्यांत पुढचं होतं भिंगरी.

"हे का?" मी विचारलं.

"ते कायम पुढे धावतं. न विचारता."

मी ती बाराही नावं टाइप केली आणि पाठवून दिली. 

 मग सुभेदाराने विचारलं, 'अंतर कोण मोजणार? आम्ही सगळे कुठल्या ना कुठल्या बाजूला आहोत.'  दादा म्हणाला, बघू या, ठरवतील. पण तसंच सोडून कसं चालेल? मी दादाला न विचारता लिहिलं, हो, पुन्हा न विचारता, 'मी मोजते. मी पंचांची बहीण. त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, ते पालथे पडलेत, इतके दिवस मीच टाइप करतेय. ती बारा जहाजं मी सोडली, त्यांनी नाही. मला तुमच्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण माझं शिवणाचं दुकान आहे. माप घेता येतं.'

पाठवलं आणि मग दादाला वाचून दाखवलं.  पालथ्या दादाचे फक्त पाय हलले.

सुभेदाराचं उत्तर यायला वेळ लागला. 'मोजा,' त्याने लिहिलं. 'पण सुतळी सैल धरू नका.'

मी सुतळी घेऊन भिंतीपाशी गेले. एक टोक मिणमिणत्या ताऱ्याच्या खिळ्याला बांधलं, काळ्या ढगाला वळसा घातला आणि थोरलीपर्यंत नेलं. नऊ गाठी. पुन्हा धरली. नऊच. थोरली फार तर चार पाळ्या तग धरेल, एवढं मलाही कळत होतं.

आता गंमत बघा. दादाचं तोंड फरशीकडे. बाकी सगळे कुठे कुठे बसलेले. ती भिंत जगात एकट्या मला दिसत होती. आणि खोटं माप सांगायला मला काही लागत नाही. कमरेचं खरं माप मी आजवर किती बायकांना सांगितलंय? टेप जरा घट्ट ओढायची, दोन इंच कमी सांगायचे, आणि कपडा मात्र खऱ्या मापाने शिवायचा. सगळे खूश. सुतळी ढगातून सरळ नेली असती तर चार भरत होत्या. मी नेऊनही बघितली. बरोबर चार. पाकोळी वाचली असती, आजी वाचली असती, आणि कुणाला कळलंही नसतं.

"किती?" दादाने विचारलं.

मला रडू यायला लागलं. लिहिलेल्या म्हातारीसाठी कुणी रडतं का? माझं मलाच कळेना. सुभेदाराची ती ओळ सारखी डोळ्यांपुढे येत होती. दोन गाठींसाठी तो गप्प बसला होता आणि मी पाच गाठी गिळायला निघाले होते.

"नऊ," मी म्हटलं.

"ढगाला वळसा घालून?"

"घालून."

"मग नऊ लिही."

नऊ लिहिलं. आणि खाली, निघाली. पोचली नाहीत.

त्यानंतर पाळ्या सुरू झाल्या. रोज एखादी, कधी दोन. निघून गेलेले दोघे मुकाट्याने परत आले, कसे नि का ते विचारलं नाही. मोजणारी तीच पंच असं सगळ्यांनी धरलं, म्हणून निकाल आता मी द्यायची. दादाला विचारलं तर म्हणायचा, "मी खेळाडू आहे, मला विचारू नकोस." मेला एक अक्षर सांगायचा नाही. मीच मागचे निकाल वाचून वाचून ठरवायची, चुकायची, लोक सांगायचे, मी पुन्हा वाचायची. चौथ्या पाळीला थोरली गेली. पाकोळीने लिहिलं, आजी शेवटी खुर्चीत बसली. मला सुभेदाराचा वार ग्राह्य धरावा लागला, कारण तो ग्राह्यच होता. त्या संध्याकाळी चहा टाकला आणि तो उकळून उकळून अर्धा झाला तरी माझं लक्ष नव्हतं.

होड्या मात्र तरंगत होत्या. माणसांनी भरलेल्या, इंधन संपलेल्या, वाटेतच अडकलेल्या. थोरली गेल्यावरही पाकोळी त्यांच्याबद्दल लिहीत राहिली. पाळीमागून पाळी, होडीत कोण कुणाला पांघरूण देतंय, कोण कुणाशी भांडतंय. मदतीचं तिने पुन्हा एकदाही विचारलं नाही.

नववी पाळी आली त्या दिवशी दादाला पहिल्यांदाच मान वर करायची परवानगी मिळाली होती. पण वाचायची नव्हती. तो पलंगावर टेकून बसला, डोळ्यावर पट्टी, आणि मी वाचू लागले. सुभेदाराने रस्त्याच्या तोंडावर तोफा लावून ठेवल्या होत्या. बारा जहाजं निघाल्याचं त्याला माहीत होतं, त्याने तयारी करायला हवी होती, त्याने केली. वार एकच होता, पण नेमका. येणाऱ्या रांगेतलं एक जहाज त्यात जाणार हे उघड होतं. कुठलं, ते पंचाने सांगायचं.

मी थांबले.

"पुढे वाच," दादा म्हणाला.

"वाचून झालं. आता मी लिहायचंय."

"मग लिही की."

"दादा, रांगेत पहिलं कोण आहे ते ठाऊक आहे ना तुला?"

"मला कशाला विचारतेस?" तो म्हणाला. "मी खेळाडू."

मी दोन बोटांनी टाइप केलं, 'वार पहिल्या जहाजावर. भिंगरी गेली.' तेवढं लिहून जरा बसले. मग पुढची ओळ लिहिली आणि मोठ्याने वाचली.

"मागची अकरा पोचली."

दादाने पट्टीखालून डोळे पुसायला हात नेला. मी त्या हातावर चापट मारली. डोळ्याला हात लावायचा नाही, डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

"आता खरं लिहिलंस," तो म्हणाला. "आता विचार पाकोळीला, होड्यांत माणसं किती आहेत. जागा करायला हवी."